उबाल्दीनाचं दुसरं रडणं

उबाल्दीनाची हाडं होरोतूईला आली त्या सकाळी विहिरीत साडेचार हात पाणी होतं. दियोसेलिनाने दोरी सोडून स्वतः मोजलं होतं आणि ती ओली दोरी मुद्दाम मांडवाच्या खांबाला टांगली होती, आल्यागेल्याला दिसावी म्हणून. तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. सगळ्यांचे डोळे ट्रकमधून उतरणाऱ्या नोरेल्वाकडे लागले होते.

नोरेल्वाच्या गळ्यात पांढऱ्या कापडाचं गाठोडं होतं आणि गाठोड्यात तिची आई. उबाल्दीना चौदा वर्षांपूर्वी सीमेपलीकडे माराकाईबोत वारली आणि तिथेच पुरली गेली. आता लेकीने थडगं उघडून, कवटीपासून पायाच्या बोटांपर्यंत एकेक हाड हाताने उचलून पुसलं, कापडात बांधलं आणि चोरवाटेने इकडे आणलं. वाटेत दोन ठिकाणी बंदूकवाल्यांनी ट्रक अडवला. "गाठोडं सोड," म्हणाले. "माझी आई आहे," नोरेल्वा म्हणाली. अडवणारे आमच्याच वाय्यू जमातीचे होते. त्यांनी मान खाली घातली आणि वाट सोडली.

दियोसेलिनाच्या आईने, तेलेमिनाने, बहिणीचं गाठोडं पाहिलं, डोक्यावरचं फडकं तोंडावर ओढलं आणि सूर लावला. तिच्यामागून बाकीच्या बायकांनी. आमच्याकडे माणसाला दोनदा रडतात. एकदा मेल्यावर आणि एकदा हाडं सुटी झाल्यावर, घराण्याच्या थडग्यात कायमची ठेवताना. पहिल्या रडण्यात काही राहून गेलं तर दुसऱ्यात भरून काढता येतं. दुसऱ्यात राहिलं तर मात्र राहूनच जातं.

हे रडणं घडवून आणलं होतं ते खरं तर दियोसेलिनाच्या जिभेने. तीन वर्षांपूर्वी पलीकडे पीठ मिळेना, औषध मिळेना, तेव्हा नोरेल्वा दोन मुली, एक जावई आणि सात नातवंडं घेऊन मावशीच्या दारात उभी राहिली. पहिला महिना दियोसेलिनाने मावसबहिणीला मक्याच्या भाकऱ्या करून घातल्या. दुसऱ्या महिन्यात ती गप्प झाली. मग पाऊस आला नाही, पुढच्या वर्षी नावाला चार थेंब पडले, आणि एक दिवस जनावरांच्या डोणीपाशी ती सगळ्यांदेखत म्हणाली, "तुमचे मेलेले तिकडे आहेत ना? मग पाणीही तिकडचंच प्या."

हे बोलणं साधं नव्हतं. आमच्या जमिनीला कागद नसतो. ज्यांच्या आजीची हाडं जिथे, तिथली विहीर त्यांची, एवढाच आमचा कायदा, आणि उरिबियाच्या कचेरीतला अलिहूना, म्हणजे वाय्यू नसलेला, साहेबसुद्धा भांडण मिटवायला आला की आधी विचारतो, थडगी दाखवा. नोरेल्वाने त्या दिवशी उत्तर दिलं नाही. वर्षभर ती गाठीला पैसे बांधत राहिली आणि आता उत्तर गळ्यात बांधून आली होती.

हाडांना हात लावलेल्या बाईचे हात मग तिचे राहत नाहीत. तिने अन्नाला शिवायचं नाही, पाण्याला नाही, लेकराला नाही. हाडं थडग्यात जाईपर्यंत डोळा लावायचा नाही. नंतरही महिनाभर तिला दुसरीने भरवायचं, आणि ती दुसरी रक्ताचीच हवी. नोरेल्वाच्या मुलींच्या अंगावर लहान लेकरं, म्हणून त्यांना या कामापासून दूर ठेवलं होतं, तेलेमिना तर रडणाऱ्यांत पहिली. उरली दियोसेलिना.

"तोंड उघड," दियोसेलिना म्हणाली.

नोरेल्वा मांडवाच्या खांबांना टांगलेल्या झोळीत बसली होती, हात मांडीवर उपडे ठेवून. तिने तोंड उघडलं.

"जरा हळू दे. गरम आहे."

"माराकाईबोत फुंकर घालून द्यायचे वाटतं?"

"तिकडे मी स्वतःच्या हाताने खायचे."

"इथेही तीन वर्षं स्वतःच्याच हाताने खाल्लंस. बकऱ्या तेवढ्या आमच्या होत्या." दियोसेलिनाने आंबिलीचा वाडगा तिच्या ओठांना लावला, जरा जास्तच उंच. आंबील हनुवटीवरून गळ्यात उतरली. नोरेल्वाला पुसता येत नव्हतं. दियोसेलिना क्षणभर पाहत राहिली, मग आपल्याच झग्याच्या टोकाने तिने ती पुसली.

"तुला राग आलाय, माहीत आहे मला," नोरेल्वा म्हणाली.

"राग कशाला येईल? तुझी आई, माझी मावशी. पन्नास माणसं येतील, एक दिवस रडतील, जेवतील, जातील. तेवढं पाणी मी धरलंय."

"पन्नासच. कासिमिरो मामाशी तसंच ठरलंय."

 दियोसेलिना नोरेल्वाच्या डोक्यावरून रस्त्याकडे पाहत होती. उत्तरेकडून धूळ उठली होती. तिच्यामागे आणखी एक, आणि पश्चिमेच्या वाटेवर तिसरी.

"हे पन्नास आहेत?" तिने विचारलं.

दुपारपर्यंत दोनशे झाले. ट्रकमधून आले, मोटरसायकलींवर आले, गाढवांवर आले. काहींनी तर बकऱ्याही हाकत आणल्या होत्या. आमची विहीर मागच्याच महिन्यात आटली, म्हणाले, तहानलेली जनावरं घरी कुणाच्या भरवशावर ठेवायची?

*

एकोणीस वस्त्यांना निरोप धाडले होते कासिमिरोने. कुणाला विचारलं नव्हतं, आणि विचारायची त्याला गरजही नव्हती. आमच्यात घर बाईचं असतं आणि शब्द तिच्या भावाचा. बाप असतो, चांगलाही असतो, पण तो दुसऱ्या घराण्याचा. तेलेमिना आणि उबाल्दीना या दोघींच्या पोटच्या सगळ्यांचा मामा एकच, आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा हा मामा आज तीस वर्षांपूर्वीची टोपी घालून पाहुण्यांना सामोरा जात होता. कुठल्या घराण्याला कुठल्या मांडवात बसवायचं, कुणाला बकऱ्याची मांडी द्यायची, कुणाला फासळ्या, हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. इतका खूश त्याला कुणी कधी पाहिला नव्हता.

दियोसेलिनाने त्याला चुलींमागे गाठलं. तिथे तिचा नवरा एल्किन चौदावं बकरं सोलत होता आणि मोठ्या कढईत रक्ती-वजडी तडतडत होती.

"मामा, पन्नास ठरलं होतं."

"ठरलं होतं."

"एक दिवस ठरला होता."

"तीन दिवस होईल. लोक लांबून आलेत."

"पाणी साडेचार हात होतं सकाळी. आता चारसुद्धा नाही."

"पाणी माणसांसाठीच असतं, दियोसेलिना."

"कुठल्या माणसांसाठी, ते विचारतेय मी."

कासिमिरोने टोपी काढली. तिच्या आतली घामाची कड त्याने बोटाने पुसली. "तुला माहीत आहे पहिल्या वेळी किती जण होते?"

"माहीत आहे. सात."

"सात. मी त्यांच्यात नव्हतो. सीमा बंद होती हे खरं, पण त्या वेळी मी पेट्रोलच्या गाड्या त्याच सीमेवरून रात्रंदिवस नेत होतो, हेही खरं. पेट्रोल नेता आलं मला, स्वतः जाता आलं नाही. सात माणसं. कुत्रं मेलं तरी जास्त जमतात."

"ती चूक तुमची होती, मामा. विहिरीची नव्हती."

एल्किनची सुरी थांबली. मामाशी असं बोलायची रीत नाही. कासिमिरो मात्र रागावला नाही, आणि रागावला असता तर बरं झालं असतं असं दियोसेलिनाला वाटलं.

"माझीच होती," तो म्हणाला. "म्हणून तीन दिवस."

*

दुसऱ्या दिवशी दोरीला अडीच हात ओल लागली.

नोरेल्वा दोन रात्री झोपली नव्हती. बायका पाळीपाळीने येऊन तिच्याशी बोलत होत्या, पेंग आली की नाव घेऊन हाक मारत होत्या, चिरिंची दारूचा घोट पाजत होत्या. झोळीतून तिला पवनचक्की सरळ दिसत होती. चक्की विहिरीचं पाणी उपसून हौदात टाकत होती आणि हौद भरायच्या आधीच डोणीवर जनावरांची रांग लागत होती. परक्यांच्या बकऱ्या ओळखू येतात, त्यांच्या कानांच्या खुणा वेगळ्या असतात. नोरेल्वा कान पाहत बसली होती. आपल्या घराण्याची खूण असलेलं जनावर सकाळपासून तिला डोणीवर दिसलं नव्हतं. एल्किनने ती लांब काट्यात बांधून ठेवली होती, पाहुण्यांच्या आधी ती प्यायला गेली तर शोभलं नसतं म्हणून.

तिला उठून जावंसं वाटत होतं. हाताने डोणीचं लाकडी झाकण लावावं, बकऱ्या हाकलाव्यात, बायकांच्या हातातली पिंपं काढून घ्यावीत. हात मांडीवर तसेच पडून होते. एवढ्या लांबून हे पाणी मिळवायला ती आली होती आणि तेच पाणी तिच्या आईच्या नावाने लोकांच्या पिंपांत चाललं होतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि भीती तर फारच वाटली.

कासिमिरो विचारपूस करायला आला तेव्हा दियोसेलिना तिला भात भरवत होती.

"मामा," नोरेल्वा म्हणाली, "आजच ठेवू या आईला. संध्याकाळच्या आत. पुरे झालं."

कासिमिरोला आधी कळलंच नाही. "काय पुरे झालं?"

"लोक तिला खूप रडले. ती समाधानाने जाईल. आता माणसांना निरोप द्या."

दियोसेलिनाचा भाताचा हात हवेतच राहिला. तीन वर्षांत पहिल्यांदा या बाईच्या तोंडून आपल्या मनातलं वाक्य निघालं होतं. ती झोळीच्या बाजूला सरकली, नोरेल्वाच्या अंगाला अंग लावून उभी राहिली.

"ऐका तिचं, मामा. तिची आई आहे. तिला हक्क आहे."

"कालपर्यंत तू म्हणत होतीस हिला कसलाच हक्क नाही," कासिमिरो म्हणाला.

"काल मी मूर्ख होते."

म्हातारा दोघींकडे पाहत राहिला. या दोघींनी एका बाजूला उभं राहावं म्हणून त्याने तीन वर्षं नाना खटपटी केल्या होत्या. आता त्या उभ्या होत्या, पण त्याच्याविरुद्ध.

"पलीकडच्या मांडवात कोण बसलंय, पाहिलंत?" त्याने आवाज उतरवला. "अपोलिनार. सगळं घराणं घेऊन आलाय, बेचाळीस माणसं. याच डोणीवरून त्याचा भाचा आणि माझा मावसभाऊ एकमेकांवर धावले होते, दोघंही गेले. अकरा वर्षं गेली मध्यस्थांच्या फेऱ्यांत. आज तो स्वतःच्या पायांनी आलाय, माझ्या बहिणीला रडायला. आणि मी त्याला सांगू, पाणी संपलंय, उठा?"

"खरं ते सांगा," नोरेल्वा म्हणाली. "त्यालाही डोळे आहेत."

"त्याला डोळे आहेत म्हणूनच सांगता येत नाही, पोरी. सांगितलं तर तो म्हणेल, माझी माणसं आली तेव्हाच बरं पाणी संपलं."

"मग उद्या आपण काय प्यायचं?" दियोसेलिनाने विचारलं.

"उद्याचं उद्या." तो वळला, दोन पावलं गेला आणि परत आला. नोरेल्वाकडे न बघता म्हणाला, "तू तरी असं म्हणायला नको होतंस." मग अपोलिनारच्या मांडवाकडे निघून गेला. थोड्या वेळाने तिकडून त्याचं हसणं ऐकू आलं.

*

दुपारी वारा चढला. आमच्याकडे वाऱ्याला तोटा नाही, तेवढंच काय ते मुबलक. दियोसेलिनाने पाण्याचा आवाज ऐकला. धार नळीतून अडखळत पडत होती, मध्येच हवा फुसकत होती. ती कुणाशी काही न बोलता चक्कीखाली गेली आणि खालची तार ओढून तिने चक्कीचं शेपूट मिटवलं. पंखा वाऱ्याला आडवा झाला आणि थांबला. तार तिने लोखंडी पायाला तीन वेढे देऊन बांधली आणि तिथेच, पायाला पाठ टेकून, खाली बसली.

सगळ्या मांडवातल्या माना वळल्या. आवाज थांबला की चक्की आहे हे माणसाला आठवतं.

अपोलिनारची चार गाढवं कोरड्या डोणीत तोंड घालून उभी होती. तो स्वतः उठून आला. बुटका माणूस, एका डोळ्यात फूल पडलेलं. त्याने डोणीत पाहिलं, मग वर पंख्याकडे, मग तारेच्या तीन वेढ्यांकडे.

"चक्की बिघडली का, बाई?" त्याने अगदी हळू विचारलं.

दियोसेलिनाने त्याच्याकडे पाहिलं. हो म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. तिला खोटं बोलणं जमायचं नाही असं नाही; पण त्या वेळी तिचा जीव इतका उबगला होता की तिने तोंडच उघडलं नाही.

मांडवातून कासिमिरो निघाला होता, पण त्याच्याआधी तेलेमिना पोहोचली.

तेलेमिना दोन दिवस रडत होती. घसा बसला होता, डोळे सुजले होते आणि खरं सांगायचं तर ती सुखात होती. उबाल्दीनाने तिला पाठुंगळीला घेऊन वाढवलं होतं. उबाल्दीना गेल्याचा निरोप आला तेव्हा घरात आजारी माणूस होतं, मोठ्याने रडायचीही सोय नव्हती. चौदा वर्षं ते रडणं तिच्या छातीत अडकून होतं. आता दोनशे माणसं तिच्यासोबत रडत होती, आणि तिच्याच पोटच्या मुलीने त्यांच्यासमोर डोण कोरडी ठेवली होती.

"वाऱ्याने अडकली असेल," ती अपोलिनारला म्हणाली. "जुनी झालीय."

"असेल," अपोलिनार म्हणाला.

"आई, खाली वाळू लागलीय," दियोसेलिना म्हणाली. "कोरडी फिरली तर वाळू पंपाला खाईल."

"ऊठ तिथून."

"आई, ऐक माझं. एक रात्र मिटून ठेवू. सकाळपर्यंत झिरपेल थोडं."

"माझ्या बहिणीच्या दिवशी डोण कोरडी राहायची नाही. ऊठ म्हणते ना."

दियोसेलिना उठली. तेलेमिनाने तारेचे वेढे सोडले, एकेक करून, म्हातारी बोटं चिमटत. शेपूट उघडलं, पंखा वाऱ्याला लागला आणि सुटला. नळीने आधी हवा फेकली, मग लालसर पाणी, डोणीच्या तळाला जेमतेम बोटभर. गाढवं प्यायली. अपोलिनारने टोपीला हात लावला आणि आपल्या मांडवाकडे गेला.

त्यानंतरचं सांगायला मला जड जातं, कारण दोष कुणा एकाच्या माथी मारता येत नाही. पाणी तासाभरात थांबलं, पण वारा थांबला नाही. पंपाचा दांडा वर-खाली होत राहिला आणि खालून वाळू घासल्याचा आवाज येऊ लागला. कासिमिरोला तो ऐकू येत होता. पाहुण्यांदेखत चक्की पुन्हा मिटवली तर सगळ्यांना कारण कळेल, म्हणून तो बसून राहिला. तेलेमिनाने ऐकला, पण आपणच उघडलेली तार आपण बांधायची कशी? तिने फडकं तोंडावर ओढून सूर वाढवला. नोरेल्वाने ऐकला, तिच्या हातांना बंदी होती. तिने दोनदा "दियोसेलिना" म्हणून हाक मारली. दियोसेलिनानेही ऐकला. "मी एकदा हात लावला," ती एल्किनला म्हणाली, "आता तिथे कुणाचंही काहीही होऊ दे." आणि ती चुलीपाशी पाठ करून बसली. आवाज तसाच चालू राहिला. पहाटेच्या सुमाराला काहीतरी तडकलं आणि त्यानंतर पंखा एकदम हलका फिरू लागला.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी उबाल्दीनाला ठेवलं. आईच्या आणि आजीच्या मध्ये जागा होती. नोरेल्वाने गाठोडं आत सरकवलं, कपाळ सिमेंटला टेकवलं आणि पहिल्यांदाच मोठ्याने रडली. मग थडग्याचं तोंड बंद करायची वेळ आली आणि सिमेंट कालवायला पाणी नव्हतं.

एल्किन रिकामी बादली घेऊन उभा होता. त्याने कासिमिरोकडे पाहिलं. कासिमिरोने हौदाकडे पाहिलं, जणू काही तिथून कुणी काहीतरी आणणार होतं. हाडं उघडी होती आणि दोनशे माणसं पाहत होती.

अपोलिनारने आपल्या ट्रककडे बोट दाखवलं. "माझ्याकडे एक पिंप आहे," तो म्हणाला. "काल इथूनच भरलेलं."

हे त्याने टोचून म्हटलं की साधेपणाने, ते अजून कुणाला सांगता येत नाही. पिंप आणलं गेलं. एल्किनने सिमेंट कालवलं, विटा लावल्या, थापीने लेप दिला. उरलेलं घमेलंभर पाणी अपोलिनारने परत नेलं नाही. तेलेमिनाने ते ओंजळीने लेपावर शिंपडलं.

दुपारपर्यंत वस्ती रिकामी झाली. जाताना जो तो कासिमिरोला म्हणत होता, दहा-बारा वर्षांत असं रडणं कुणाचं झालं नाही. कासिमिरो प्रत्येकाचा हात हातात घेऊन ऐकत होता.

एल्किन चक्कीवर चढला, मग विहिरीत उतरला. वर आला तेव्हा कोपरापर्यंत वाळूने माखला होता. दांडा तुटलाय, म्हणाला, आणि पंपाची चामड्याची चकती भाजलेल्या पापडासारखी झालीय. सुटे भाग उरिबियात मिळत नाहीत, मागवावे लागतील, दोन महिने, चारही लागतील. तळाला रात्रभरात जे झिरपतं ते बादलीने काढता येईल.

"किती?" कासिमिरोने विचारलं.

"तीन बादल्या."

 तीन बादल्यांत कोण जगतं हा हिशेब प्रत्येकाला येत होता. एकशे वीस बकऱ्या नाहीत. दियोसेलिनाचे चार आणि नोरेल्वाची दहा नाहीत. म्हातारी माणसं, दोन-तीन.

"लिमोन नदीच्या काठाला अजून हिरवं आहे म्हणतात," शेवटी एल्किन म्हणाला. "पलीकडे."

"पलीकडे," दियोसेलिनाने तोच शब्द उच्चारला. ती हसली, पण त्या हसण्याकडे बघवत नव्हतं.

"चूक माझी आहे," कासिमिरो म्हणाला.

"नाही मामा," ती म्हणाली. "तुमची असती तर मी तुमच्यावर ओरडले असते."

 तेलेमिना त्या दिवसापासून विहिरीकडे पाठ करूनच बसते.

*

चौथ्या दिवशी ट्रक भरला. झोळ्या, कढया, पिंपं, दियोसेलिनाच्या मुली, आणि नोरेल्वाच्या मुली, जावई, सातही नातवंडं. तीन वर्षांपूर्वी नोरेल्वाची माणसं ज्या वाटेने आली होती त्याच वाटेने परत. एल्किन बकऱ्या घेऊन पहाटेच पुढे गेला होता, निम्म्या पोहोचतील असा त्याचा अंदाज होता. नोरेल्वाला जाता येत नव्हतं. महिना पुरा होईपर्यंत तिला इथून हलायचं नव्हतं, आणि महिन्यानंतरही, तिच्या आईला इथे आणून ठेवल्यावर, ती कुठे जाणार होती? इथे राहायचा तिचा हक्क आता कुणी नाकारू शकत नव्हतं.

नातवंडं एकेक करून झोळीपाशी आली. तिने त्यांना हात लावला नाही. धाकटीने मिठी मारायला हात पुढे केले, तेव्हा दियोसेलिनाने तिला मागच्या मागे उचलून ट्रकमध्ये ठेवलं.

मग ती भाकरी आणि आंबिलीचा वाडगा घेऊन आली.

"तोंड उघड."

नोरेल्वाने उघडलं. दियोसेलिना या वेळी फुंकर घालून देत होती.

"आता तुला आई भरवील," ती म्हणाली. "तिचे हात हलतात. घाई करू नको तिला."

"नाही करणार."

"तुझ्या माराकाईबोच्या घरात नळाला पाणी येतं?"

"गुरुवारी येतं. कधी येत नाही." नोरेल्वाने घास गिळला. "मागच्या खोलीचं छप्पर गळतं, तिथे मुलांना झोपवू नको. शेजारची बाई बरी आहे. माझं नाव सांग."

"काय सांगू? तिची विहीर सुकवून आलो?"

"बहीण आहे म्हणून सांग."

दियोसेलिनाने वाडगा तिच्या ओठांना लावला, धरून ठेवला, ती पिऊन संपवेपर्यंत. थेंबही सांडला नाही. मग तिने वाडगा खाली ठेवला. जायचं सोडून ती तिथेच उभी राहिली.

"नोरेल्वा, मी तिकडे मेले तर?"

"काहीतरी बोलू नको."

"मेले तर? माझ्या मुली तिकडच्या होतील. त्यांना ही वाट सापडायची नाही."

"मी आणीन तुला," नोरेल्वा म्हणाली. "माझ्या हाताने आणीन. तुझ्या मावशीच्या शेजारी ठेवीन."

ट्रकच्या ड्रायव्हरने दोनदा भोंगा वाजवला. दियोसेलिनाने झग्याच्या टोकाने नोरेल्वाची कोरडीच हनुवटी पुसली.

"आण," ती म्हणाली. "पण कुणाला बोलावू नकोस."